दगड्याच्या सात उड्या

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी डबा उघडून बसले होते, तेवढ्यात नाजमाचा फोन आला. ना हॅलो, ना कशी हायस. "सुमे, आपला गेम पुन्हा नवीन करून काढलाय बग. रिमेक. पोरानं आणून दिला. सगळं चकाचक, दगड्याच्या अंगावरचं शेवाळ सुदिक दिसून राहिलंय. पण थू हाय त्याच्यावर!" म्हटलं, का गं बाई, एवढा राग? तर म्हणे, "आपोआप सेव्ह होतंय. मेलं तरी तिथूनच पुन्हा, लाईट गेली तरी तिथूनच पुन्हा. मंग त्या राक्षसाला भ्यायचं कशाला?" झालं. गुडघ्याला तेल चोळायच्या वयातल्या आम्ही दोघी बाया अर्धा तास भांडत बसलो, जुना दगड्या किती उड्या मारायचा आणि नवा किती मारतो यावर. मधेच एक म्हातारबा येऊन खोकल्याचं औषध मागून गेले. ते मी बरोबरच दिलं असावं, कारण परत आले नाहीत.

फोन ठेवला आणि भाजी गार झाली तरी माझं जेवणात लक्ष लागेना. लातूरची ती दोन वर्षं डोळ्यांपुढं येऊन बसली. आमच्या उमरीकडं त्या काळात एखाद्या लेकराला दहावीला बरे मार्क पडले की गावभर एकच सल्ला मिळायचा, "लातूरला टाका." टाका! जसं काही लोणचंच घालायचंय. दोन वर्षं बरणीत झाकून ठेवा, डॉक्टर होऊनच निघेल. मी निघाले, पण औषधाच्या दुकानापर्यंतच मुरले, ती गोष्ट वेगळी. बापूंनी मला एस.टी.त बसवलं, सोबत ज्वारीचं अर्धं पोतं, आणि नेऊन सोडलं ते हमीदचाचांच्या दारात. चाचा आणि बापू मुदखेडच्या शाळेत एका बाकावर होते. पुढं चाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम शिकून लातूरला स्थायिक झाले. बापूंचं म्हणणं सरळ होतं. "भाड्यानं कॉट घेऊन कुणा परक्याच्या घरी राहण्यापरीस हमीदच्या घरी राहा. त्याची पोरगी पण तुझ्याच वर्गात हाय." आमच्या आईनं मात्र निघताना माझ्यासाठी वेगळं ताट-वाटी बांधून दिली होती, कारण आमच्या घरी मांसमच्छी नाही. चाचींनी ते ताट दोन वर्षं इतक्या निष्ठेनं वेगळं घासलं की मलाच लाज वाटायची.

घर साधंच. रस्त्याच्या बाजूला चाचांची कामाची खोली, मागं दोन खोल्या, सगळ्यांवर स्लॅब. परसात एक पत्र्याचं शेड. पहाटे पाचला गल्लीतून सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या, कारण पहिला क्लास साडेपाचचा. सातला चाचींच्या तव्यावर भाकरी थापल्याचा आवाज. ज्वारी माझ्या बापूंची, हात चाचींचा, आणि चव अशी की उमरीलाही कधी लागली नाही. शुक्रवारी खिचडी आणि चिंचेचा खट्टा. तो खट्टा मी वाटीवाटीनं प्यायची, तेव्हा चाची मला येड्यात काढत म्हणायच्या, "हौली, पेट में दरद होयेगा, बस कर!" आणि अजून एक पळी वाढायच्या. दिवसभर समोरच्या खोलीतून टीव्हीची बारीक शीळ यायची. चाचा उघड्या टीव्हीत डोकं घालून बसलेले असायचे, त्यांची नुसती पाठ दिसायची. बोलणं कमी. काही विचारलं की आधी तारेचा डाग, म्हणजे सोल्डरिंग, पूर्ण करायचे, मग उत्तर द्यायचे. तोवर आपण प्रश्न विसरलेलो असायचो.

चाचांची पोरगी नाजमा राहायची त्या पत्र्याच्या शेडात. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्यासाठी खोली रिकामी केली, म्हणून मी रडकुंडीला आले. तसं नव्हतं. मी यायच्या आदल्या वर्षी भूकंप झाला तेव्हा ती औशाकडच्या एका खेड्यात नानीकडं गेलेली होती. माळवदाचं घर. वरची माती, लाकडं, भिंतीचे धोंडे, सगळं खाली आलं. नाजमा दुपारी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, नानी निघाली नाही. मिलिटरीच्या तंबूतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्या कोपराला टाके घातले आणि टाके घालता घालता तिला रागवल्या म्हणे, "हात हलवू नको, मला अजून वीस जणं बघायचीत." त्या बाईंसारखं व्हायचं, हे नाजमानं तिथंच ठरवलं. पण तेव्हापासून ती छताखाली जात नव्हती. लातुरातलं घर तर तडासुद्धा न जाता उभं होतं, तरी नाही. "वर जे असतं ते खाली येतं," एवढंच म्हणायची. पत्रा चालायचा, पत्रा डोक्यात पडला तर खोक पडते, माणूस गाडलं जात नाही, असा तिचा हिशोब. ती जेवायची परसात, अभ्यास शेडात. आमचे क्लासही तेव्हा पत्र्यांच्या शेडांतच भरायचे, आणि कॉलेजनंही तात्पुरती शेडं टाकली होती, म्हणून अकरावी निभावली. शेडात तिनं स्टीलच्या पेल्यावर पेला, त्याच्यावर पेला, असा मनोरा रचून ठेवलेला असायचा. जमीन जरा हलली की पेले खाली. किती वेळा मांजरानं पाडले आणि आम्ही अख्खी गल्ली रस्त्यावर आणली, त्याची गणती नाही.

आता टीव्ही गेमचं सांगते. चाचांचा एक नियम होता. दुरुस्त केलेला टीव्ही लगेच परत द्यायचा नाही. दोन दिवस चालवून बघायचा, तापल्यावर काही बिघडतंय का ते कळतं. आता चालवायचा म्हणजे त्यावर काहीतरी दिसायला पाहिजे, आणि दूरदर्शन काही दिवसभर बघण्यासारखं नसायचं. म्हणून चाचांनी एकदा नांदेडहून एक टीव्ही गेम आणला. दोन रिमोट, पिवळी कॅसेट, कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. लोकांचे टीव्ही आम्ही "टेस्ट" करायचो. लातूरच्या किती सभ्य घरांतल्या टीव्हींनी आमचे राक्षस पाहिलेत, ते त्या घरांना माहीत नाही. टीव्ही शेडात नेऊन ठेवायचा, घरातून वायर ओढायची, आणि क्लासवरून आलं की तासभर खेळायचं. तिसरा भिडू बालाजी. शिरूर अनंतपाळचा, शेजारच्या घरी खोली करून राहायचा, आमच्याच क्लासला. खेळण्यात ढ, पण बातम्यांत पुढं. नवीन कॅसेट आधी हैदराबादला येते, मग नांदेडला, मग आपल्याकडं, आणि बालाजीकडं ती हैदराबादला यायच्या आधीच येऊन गेलेली असायची. "अगं, नव्या कॅसेटमध्ये दगड्या मेला की त्याची माय येती. तिला आठ हात हायत." नाजमा विचारायची, "तू बगितली?" "मी न्हाई, माझ्या मावसभावानं." त्या मावसभावानं काय काय पाहिलं होतं! आम्ही पोट धरून हसायचो, आणि मग आठ हातांच्या बाईला मारायचं कसं, यावर तासभर चर्चाही करायचो.

सगळ्यात आमचा जीव जडला तो ढालवाल्याच्या गेमवर. पडद्यावरची अक्षरं जपानी का चिनी, कुणाला वाचता येत होती? ढाल घेतलेला एक शिपाई होता, म्हणून ढालवाला. चार राक्षस होते. बेडूक, जुळे भाऊ, पंखवाली, आणि शेवटी दगड्या. हा दगड्या डोंगराएवढा. तो उडी मारायचा, पाय आपटायचा, अख्खा पडदा थरथरायचा आणि वरून दगड कोसळायचे. अशा सात उड्या. प्रत्येक उडीनंतर क्षणभर वाकायचा, तेवढ्यात त्याच्या गुडघ्यावर वार करायचा. मी आणि बालाजी पहिल्याच उडीला मरायचो. नाजमा पाचव्या उडीपर्यंत जायची. ती कधी ढालवाल्याकडं बघायचीच नाही, तिची नजर सदा पडद्याच्या वरच्या कडेला. तेव्हा मला ते नुसतं कसब वाटलं. सोळा-सतराव्या वर्षी माणसाला कळतं तरी किती.

पाचव्या उडीपुढं मात्र गाडी अडली होती, आणि त्याचं कारण बालाजीनंच सांगितलं. या एका बाबतीत त्याचा मावसभाव खरा निघाला. दगड दोन जातीचे होते. लाल दगड लागला की चान्स जातो, करडा नुसताच विरून जातो. आमच्या नशिबी सगळे काळे-पांढरे टीव्ही, त्यात सगळे दगड एकाच रंगाचे. नाजमानं मग आमच्या फिजिक्सच्या सरांची रीत लावली. सर म्हणायचे, प्रश्न येत नसेल तर त्याच्या शंभर वेळा मागं लागा, तो थकतो. तिनं दगड्याचे नोट्स काढले. पहिली उडी डावीकडून, दगड तीन, मधला सोडा. दुसरी उडी, दगड पाच. खाली लाल शाईनं रेघ मारून "अत्यंत महत्त्वाचे". पण हे लिहिलं कशावर, तर हाताला लागला त्या कोऱ्या पाठीच्या कागदावर. आणि तो कागद होता चाचांनी कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून टाईप करून आणलेला अर्ज.

तो अर्ज बारावीच्या परीक्षेचा. परीक्षा होती सिमेंटच्या तीन मजली इमारतीत, आणि नाजमाचा नंबर तिसऱ्या मजल्यावर. "माझी मुलगी भूकंपग्रस्त असून छताखाली बसू शकत नाही, तरी तिची बैठकव्यवस्था मैदानात अथवा व्हरांड्यात करावी ही नम्र विनंती." चाचा आधी जाऊन तोंडी विचारून आले होते. तिथले साहेब म्हणाले होते, पहिल्या पेपरला अर्ज घेऊन या, बघू. आपल्याकडं "बघू" म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. अर्ज नाकारला तर नाजमा जिना चढणार नव्हती. जिना चढली नाही की बारावी गेली, बारावी गेली की ती टाक्यांची डॉक्टरीणबाई गेली. घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण चाची भाकरी थापता थापता मधेच थांबायच्या. अर्जाच्या पाठीवर राक्षसाच्या उड्या पाहिल्या तेव्हा चाचा पहिल्यांदा ओरडले. "नाजमा, हे सरकारी कागद हाय!" ती म्हणाली, "पुढून सरकारी हाय अब्बा, मागून कोरा होता." चाचांनी तो कागद काढून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. दुसरा टाईप करून आणू म्हणाले, आणि कामाच्या गडबडीत ते राहून गेलं.

परीक्षेला बारा-तेरा दिवस उरले असतील, तेव्हा एक रंगीत टीव्ही आला. एका वकिलांचा होता. दोन दिवसांत दुरुस्त झाला, पण वकिलापुढं चाचांचा नियम चालला नाही, ते त्याच संध्याकाळी कोर्टातून परतताना घेऊन जाणार होते. म्हणजे आमच्या हातात एकच दुपार. आणि नेमका त्याच दुपारी अवकाळी पाऊस लागला. शेड गळायला लागलं, जिथं टीव्ही ठेवायचा तिथंच धार. बालाजी म्हणाला, "ताडपत्री धरतो, आणा टीव्ही शेडात." चाचा टीव्हीत डोकं घालून होते. डाग पूर्ण केला, मग म्हणाले, "वकिलाचा टीव्ही हाय. पाण्यात न्यायचा न्हाई. खेळायचं तर हितं खेळा. न्हाईतर मी बातम्या लावतो." वर स्लॅब. नाजमाचा चेहरा पडला. सहाला लाईट जायची, रोजची वेळ ठरलेली. चार वाजत आले होते, आणि पहिल्या लेवलपासून दगड्यापर्यंत जायला दीड तास लागायचा. आजच्यासारखं नव्हतं, की आज अर्धं आणि उद्या अर्धं. लाईट गेली की केलंसवरलं सगळं पाण्यात.

मी म्हटलं, मी खेळते, तू सांग. नाजमा छत्री घेऊन रस्त्याकडच्या दारात उंबऱ्यावर बसली, पाठ बाहेर पावसात, तोंड आत. मी बेडूक मारला. जुळ्या भावांनी माझा एक चान्स घेतला. ती तिथून ओरडत होती, "अगं मागं हो! मागं! तुला डावं-उजवं कळून नाही राहिलं का?" पंखवालीनं दुसरा चान्स घेतला. नाजमाचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला. मग गुडघा आला. मग छत्री बाहेर पडली. मग ती "सरक बाई, वाटोळं करशील सगळ्याचं" म्हणत माझ्या हातातून रिमोट ओढून माझ्या शेजारी बसली. रिमोटची वायर असून असून दोन हात. म्हणजे ती खोलीच्या मध्यावर, स्लॅबच्या बरोबर खाली, आणि तिला त्याचा पत्ता नाही. मी बालाजीला चिमटा काढला, कारण तो तोंड उघडणार होता. मागच्या दारात चाची हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. चाचांनी मान वर केली नाही. ते तारेला डाग देत होते, पण डागाचा धूर काही निघत नव्हता.

दगड्या आला. काय सांगू तुम्हाला, रंगीत टीव्हीवर तो पहिल्यांदा पाहिला! हिरवा, डोळे पिवळे, आणि वरून पडणारे लालभडक दगड स्पष्ट वेगळे. पहिली उडी. दुसरी. नोट्स आता पाठच होते, मी पाढे म्हणावेत तशी पुटपुटत होते. पाचवी उडी पार झाली, आणि आम्ही तिघंही ओरडलो. सहाव्या उडीला दगड्या वर गेला. पाय अजून खाली टेकलेच नव्हते, तरी पडदा थरथरला. मी म्हणाले, "हे नवीन हाय, लिहून ठेव." बालाजी म्हणाला, "अरे, रंगीत टीव्हीवर जास्त हलतंय!" आणि तेवढ्यात परसातल्या शेडात पेले खळाळून खाली पडले, आणि मांजर तर माझ्या मांडीवर होतं.

मग जे पळालो! सगळ्यांत आधी नाजमा, नेहमीसारखी. धक्का तसा बारीक, एका श्वासाचा, पण गल्ली रस्त्यावर आली. समोरचे गुरुजी अर्ध्या गालाला साबण लावलेले. कुणाच्या हातात लेकरू, कुणाच्या हातात कुकर. सगळे पावसात. गल्लीचा नियम होता, धक्का आला की अर्धा तास घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या मागून मोठा येतो. नाजमाचे ओठ पांढरे झालेले. आत्ता तिला कळलं होतं, आपण कुठं बसलो होतो ते. मी तिचा हात धरला. तरी मी विचारलंच, माझी जीभ कुठं गप बसते? "गेलं ना सगळं?" ती म्हणाली, "न्हाई. निघताना स्टार्ट दाबलंय."

आम्ही खिडकीतून आत पाहिलं. खरंच. गेम थांबलेला. दगड्या हवेत लटकलेला, खाली ढालवाला, ढाल वर करून. भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस कमी. बालाजी म्हणाला, "मी जाऊन खेळू का?" "हात लाव, तंगडं मोडून ठेवते." मग ती माझ्याकडं वळली, माझ्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाली, "तू पयल्याच दगडाला मरशील." मी म्हटलं, "हाव." खोटं कशाला बोलू? चाचींनी तिच्या डोक्यावर पदर धरला. "जान दे बेटा. खेलच तो है." नाजमा म्हणाली, "अम्मी, दो उड्या बाकी है." चाचा लांब उभे होते, शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवून.

आणि ती निघाली. धावत नव्हे, चालत. दारात थांबली आणि वर बघितलं, स्लॅबकडं, चांगलं सावकाश, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दगड्याच्या उडीला बघायची तसं. गल्लीचा अर्धा तास अजून व्हायचा होता. पण तिला एकटीला कसं जाऊ द्यायचं? मी पण मागून गेले आणि दोन नंबरचा रिमोट धरून तिच्या शेजारी बसले. त्या रिमोटचा त्या गेममध्ये काडीचा उपयोग नव्हता. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "सहावीचे दगड किती?" मी म्हटलं, "माहीत न्हाई, नोट्स पाचवीपर्यंतच हायत." तिनं स्टार्ट दाबलं. खिडकीत गल्ली दाटली, गुरुजी अजून साबणासकट. सहावी उडी, दगड नऊ, लाल चार. चुकवले. वार बसला. सातवी उडी, पडदाभर दगड, मी तर डोळेच मिटले. उघडले तर ढालवाला उभा! दगड्या वाकलेला, गुडघा समोर, एक वार बाकी. नाजमानं अंगठा उचलला आणि लाईट गेली. सहाला दहा मिनिटं बाकी असताना!

खिडकीतून असा हंबरडा आला की कुणी गेलंय असं वाटावं. गुरुजी तर "अरेरेरे" म्हणत भिंतीवर हात आपटत होते, त्यांना ढालवाला कोण हे दहा मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं. आणि नाजमा! खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी, आणि तिची जी टकळी सुरू झाली! "सहाची वेळ म्हणजे सहाला! ह्यांची घड्याळं कुठून आणली? पगार बरा वेळेवर घेतात! मी उद्या हापिसात जाऊन विचारते, दहा मिनिटं कुणाच्या बापाची?" विजेचं ऑफिस, तिथला वायरमन, वायरमनचे वाडवडील, कुणी सुटलं नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली, ती तिथंच उभी. चाचांनी खिडकीशी येऊन गल्लीला हात जोडले आणि बोट ओठांवर ठेवलं. मग चाची दारातून म्हणाल्या, अगदी रोजच्यासारख्या, "नाजमा, चाय कां देऊं? बाहर, के अंदर?" नाजमा खाली वाकून कॅसेट काढत होती. फुंकर मारत म्हणाली, "यहींच लाओ अम्मी." चाची आत गेल्या. चहाला त्या दिवशी फार उशीर झाला, आणि आला तेव्हा त्यात साखर नव्हती. आम्ही तो मुकाट्यानं प्यायलो.

पुढं कितीतरी वर्षांनी, चाचा गेल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा चाचींना म्हटलं, त्या दिवशी पाऊस नसता, शेड गळलं नसतं, तर? चाचींनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी अजून सोळाचीच आहे. "पत्र्याला डांबर लावायला तुझ्या चाचाला किती वेळ लागत होता गं? पाऊस येनार येनार म्हणून दोन दिवस ढगाकडं बगत होते." त्या माणसाशी मी दोन वर्षांत शंभर वाक्यं बोलले नसेन. आता वाटतं, अजून थोडं बोलायला हवं होतं.

पहिला पेपर इंग्रजीचा. नाजमा त्या चहानंतर रोज थोडी थोडी आत बसायला लागली होती, पण झोपायला शेडच, आणि तिसरा मजला म्हणजे वरही स्लॅब, खालीही स्लॅब. काय होईल, कुणालाच सांगता येत नव्हतं. फाटकाशी पोरांची ही गर्दी. कुणी देवाचा अंगारा लावतंय, कुणी उभ्या उभ्या पाठ करतंय. नाजमानं इमारतीकडं वर बघितलं आणि तिचे ओठ पुन्हा तसेच पांढरे झाले. चाचांनी वरच्या खिशातून अर्जाची घडी काढली. म्हणाले, "मी आत जाऊन साहेबाला भेटून येतो बेटा. तू हितंच थांब." तिनं हात पुढं केला आणि कागद मागून घेतला. घडी उघडली, अर्ज वाचला नाही, उलटा केला. पहिली उडी डावीकडून, दगड तीन, मधला सोडा. पाचव्या उडीच्या खाली कोरी जागा होती. माझ्याकडून पेन घेतलं, फाटकाच्या खांबावर कागद टेकवला आणि सावकाश लिहिलं. सहावी उडी, दगड नऊ, लाल चार. सातवी, सगळीकडून, वर बघत राहा.

मग कागदाची घडी घातली, चाचांच्या खिशात परत ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. "हे कुणाला देऊ नका अब्बा," ती म्हणाली, "ह्याच्यामागं माझे नोट्स हायत." आणि जिना चढायला लागली.